आत्याबाईंचं इंजिन

३ मार्च, सोमवार

ही वही सूनबाईने दिली. म्हणाली, "बाबा, वायरिंगचं काम करताना रोज काय काढलं, काय जोडलं ते लिहून ठेवायचं. नाहीतर आठ दिवसांनी आपलंच काम आपल्याला ओळखू येत नाही." मी चाळीस वर्षं इंजिनं उघडली, एकदाही कागदाला पेन लावला नाही. पण ती विजेच्या कंपनीत दुरुस्ती विभागात आहे, तिथे सगळं लिहूनच चालतं. दिली वही, घेतली.

तर लिहितो. मागच्या शेडमध्ये माझी जुनी गाडी चार वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. मोठी, उंच, चारही चाकांना ताकद जाणारी. मुलगा लहानपणी तिला आत्याबाई म्हणायचा, कारण ती मोठ्याने बोलते, जिथे जाईल तिथे आधी रुसते आणि बसली की जागा अडवून बसते. तिचं पेट्रोल इंजिन तापून त्याचं हेड तडकलं, तेव्हापासून बिचारी गप्प आहे. एका ठोकलेल्या व्हॅनचं डिझेल इंजिन मिळालं आहे. कंपनी एकच, त्यामुळे गिअरबॉक्सला बसेल.

घाई अशी की सूनबाईला बढती आली आहे. डोंगरावर पवनचक्क्या आहेत, तिथल्या वीज विभागाची प्रमुख म्हणून. नऊ वर्षं वाट बघत होती. राहायला घर देतात, पण वर जायचा रस्ता म्हणजे नुसते दगड, तिथे छोटी गाडी चढत नाही. स्वतःची दणकट गाडी हवी ही अटच आहे. ३१ तारखेला हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला जागा. मुलगा जहाजावर, सप्टेंबरशिवाय येत नाही. सूनबाई डोंगरावरून सुट्टी मिळेल तशी येणार.

तिने जावं की न जावं हा तिचा प्रश्न आहे. आपलं काम गाडी करून देणं.

५ मार्च, बुधवार

जुनं इंजिन बाहेर काढलं. चेन पुलीला टांगलं आणि मी साखळी ओढत गेलो. पाठीने दोनदा आठवण करून दिली की आपण त्रेसष्ट वर्षांचे आहोत. आमची ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. "अहो, सून येईपर्यंत थांबा की," म्हणाली. मी थांबलो नाही. चार वाजता सूनबाई ऑफिसातून आली तेव्हा इंजिन जमिनीवर होतं आणि मीही.

तिने हसू दाबलं, मला उठवलं आणि विचारलं, "वहीत लिहिलं का?"

८ मार्च, शनिवार

नवीन इंजिनाचे पाय जुन्या जागी बसत नाहीत. दोन बोटांचा फरक आहे. लोखंडी पट्टी कापून, भोकं पाडून दोन नवे आधार बनवले. तेलाची टाकी खालच्या आडव्या दांड्याला घासत होती, म्हणून इंजिन अर्धा इंच वर घ्यावं लागलं. मग पंखा रेडिएटरला लागायला लागला, मग रेडिएटर पुढे सरकवला. एकाला सावरावं तर दुसरं रुसतं.

सूनबाईला सुट्टी होती. दिवसभर माझ्यासोबत होती. सहा वर्षं झाली तिला या घरात येऊन, पण आमचं बोलणं "जेवलात का", "हो", "औषध घेतलं का", "हो" एवढंच. शेडमध्ये मात्र ती बडबडते. तारांना ती जिवंत माणसांसारखं संबोधते. "ये गं बाई, तू कुठून आलीस? तुझं दुसरं टोक कुठाय?" मी ऐकत नसल्याचं दाखवत ऐकत होतो.

ती मला म्हणाली, "बाबा, तुमचा हात काय छान चालतो. पट्टी मशीनवर कापल्यासारखी बसली." मी म्हटलं, त्यात काय. पण बरं वाटलं. वही खासगी आहे, म्हणून लिहितो.

११ मार्च, मंगळवार

वायरिंग सुरू. हे काम मला कधीच आवडलं नाही. इंजिनात काय बिघडलं ते दिसतं, ऐकू येतं, हाताला लागतं. वीज ना दिसते ना ऐकू येते, हाताला लागली तर मात्र चांगलीच लागते. गॅरेज होतं तेव्हा मी तारेला तार जोडून मोकळा व्हायचो आणि अवघड असलं की गाडी बॅटरीवाल्याकडे पाठवायचो.

आज गंमत झाली. डावीकडे वळायचा दिवा लावला की काचेवरचे वायपर हलत होते. मी म्हटलं, स्विच गेला. सूनबाई म्हणाली, "स्विच नाही, अर्थिंग." मग तिने सांगितलं की विजेला जशी जायला वाट लागते तशी परतायलाही लागते. परतायची वाट गंजली की ती शेजाऱ्याच्या घरातून परतते. तिने चासीवरचा एक बोल्ट सोडवला, खालचा गंज काचकागदाने घासून चकचकीत केला, पुन्हा आवळला. वायपर शहाण्यासारखे बसले.

मी कौतुक केलं नाही. करायला हवं होतं.

१३ मार्च, गुरुवार

ती ऑफिसात असताना डॅशबोर्डचं काम मी उरकून टाकलं. लिहायचं ठरलं आहे म्हणून लिहितो: थंड डिझेल इंजिनाला आधी ऊब देणाऱ्या हीटर प्लगची जाड तार बसवली. डिझेलची वाट उघडणारा जो विजेचा खटका पंपावर आहे, त्याची तार किल्लीला जोडली. किल्ली फिरवली की खटका उघडतो, काढली की मिटतो आणि डिझेल न मिळाल्यामुळे इंजिन बंद पडतं. लाल बॅटरीच्या चित्रामागचा बल्ब गेलेला होता. घरात तसा बल्ब नव्हता, म्हणून काढून टाकला आणि त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून वरून निळी टेप लावली. एका दिव्यासाठी काम अडायला नको. तसाही तो दिवा मला कधी आवडला नाही, उगीच डोळे वटारतो.

ही चहा घेऊन आली होती. म्हणाली, "एवढी घाई कशाला? ३१ला अजून वेळ आहे." मी म्हटलं, घाई मला नाही, तिला आहे.

१५ मार्च, शनिवार

सुरू झाली!

सकाळी दहाला सूनबाई गाडीत बसली, मी बॉनेटशी उभा. तिने किल्ली फिरवली, हीटर तापेपर्यंत थांबली आणि मारला स्टार्टर. पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा धूर. तिसऱ्यांदा आत्याबाई अशा काही बोलल्या की शेडच्या पत्र्यावरची धूळ खाली आली. ही ओल्या हातांनी धावत आली. सूनबाई खाली उतरून टाळ्या वाजवत होती. मी डोळे पुसले ते धुरामुळे.

मग तिने आत जाऊन किल्ली काढली. इंजिन चालूच.

किल्ली तिच्या हातात, आणि इंजिन चालू. तिने ती पुन्हा घातली, फिरवली, काढली. काही फरक नाही. ही म्हणाली, "आत्याबाईंना चार वर्षं बोलू दिलं नाहीत, आता कशा थांबतील?" शेवटी मी आत बसलो, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला. धडपडत, हादरे देत बंद झाली.

सूनबाई टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घालून बराच वेळ पडली होती. बाहेर आली तेव्हा नाकाला धूळ लागली होती आणि चेहरा विचारात होता. "काय दिसलं?" मी विचारलं. "उद्या बघू, बाबा," म्हणाली. मला वाटतं बिचारी थकली होती.

१६ मार्च, रविवार

माझं निदान पक्कं झालं आहे. पंपावरचा खटका अडकला आहे. किल्ली काढल्यावर तो मिटत नाही आणि डिझेल येत राहतं. सोपं आहे. व्हॅन ठोकलेली होती, पंपाला धक्का बसला असणार. सूनबाई म्हणाली, "पंपाला हात लावू नका, बाबा. दोष तिथे नसेल." मी म्हटलं, मग कुठे आहे?  ती नखाने टेपच्या रिळाचं टोक उचकटत बसली.

एरवी ती पाच मिनिटांत तार शोधते. यावेळी डॅशबोर्ड उघडायचं नावच काढत नाही. नवल आहे. ऑफिसच्या कामाचा ताण असावा.

२० मार्च, गुरुवार

चार दिवस पंपात गेले. काढला, धुतला, खटका बाहेर काढून बॅटरीवर तपासला. टिकटिक मस्त चालतो. पुन्हा बसवला, डिझेल सोडायची वेळ इंजिनाशी जुळवली, नळ्यांतली हवा काढली. सुरू केली. किल्ली काढली. चालूच.

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट आज संध्याकाळी आम्ही दोघं शेडच्या पायरीवर बसून तिच्या वडिलांबद्दल बोललो. ते गिरणीतल्या विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळायचे. लहान असताना ती त्यांच्यासाठी फेरे मोजायची. एकदा मोजताना तिला झोप लागली आणि तिने झोपेत दोनशे म्हणून सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला, मोटार जळाली. ते रागावले नाहीत, म्हणाले, चूक लगेच सांगितली असतीस तर फक्त तार गेली असती. ते आता नाहीत. सहा वर्षांत हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार

मुलाचा जहाजावरून फोन. "बाबा, गाडी झाली का? दहा दिवस राहिले." मी म्हटलं, इंजिनाचं काम म्हणजे तुझ्या जहाजाचा भोंगा नाही, बटण दाबलं आणि वाजला. तो म्हणाला, "तिला जाऊ द्यायचं आहे ना तुम्हाला?" काय प्रश्न आहे! मी रात्रंदिवस राबतोय ते कोणासाठी? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. फोन हिच्याकडे दिला. ती आतल्या खोलीत जाऊन हळू आवाजात बोलत होती.

२३ मार्च, रविवार

आज मी सुचवलं की नवा पंप मागवावा. यायला दोन आठवडे लागतील, पण काम पक्कं होईल. सूनबाई म्हणाली, "दोन आठवडे म्हणजे ३१ गेली."

"मग काय झालं," मी म्हटलं, "अशा जागा पुन्हा येतील."

तिने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाली, "बंद न होणारी गाडी घेऊन मी डोंगर उतरणार नाही. कंपनीला बुधवारपर्यंत कळवायचं आहे. नाही जमत असं कळवते." तिचा आवाज साधाच होता. भाजी आणायची राहिली म्हणावं इतका साधा.

जेवताना ही म्हणाली, "तुमच्या तोंडावर दोष सापडेना म्हणून दुःख आहे, की सापडेल म्हणून?" काहीही बोलते. 

२४ मार्च, सोमवार

हीटर प्लगच्या तारेचा रंग आठवेना, म्हणून ही वही मागे चाळली. १३ तारखेचं पान वाचलं. लाल दिवा. दोन तारा पिळल्या. निळी टेप.

त्या तारेने काय होत असेल ते मला नीट कळत नाही. पण किल्लीच्या तारांमध्ये, त्या दिवशी, माझ्याशिवाय कोणी हात घातला नव्हता. आणि त्यानंतर इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाच दोष दिसला. काखेत कळसा आणि मी पंप धूत बसलो.

शेडमध्ये गेलो नाही. पाठ दुखते म्हणून हिला सांगितलं.

२५ मार्च, मंगळवार

बॅटरीवाल्याकडे गेलो. एका मित्राच्या गाडीचं आहे, म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला कधी जमलं नाही, पण त्याने ओळखलं असलं तरी तसं दाखवलं नाही. म्हणाला, "काका, तो नुसता दिवा नसतो. इंजिन फिरायला लागलं की आल्टरनेटर वीज तयार करतो. ती वीज उलटी किल्लीकडे येऊ नये म्हणून मध्ये बल्ब असतो. तो तिला अडवतो. तार सरळ जोडली की वीज आरामात मागे येते आणि पंपाच्या खटक्याला उघडा ठेवते. किल्ली काढा नाहीतर फेकून द्या. मित्राला सांगा, इंजिनात काही नाही. बल्ब लावा, दोन मिनिटांचं काम आहे."

बल्ब घेतला. शर्टाच्या खिशात ठेवला. चण्याएवढा आहे.

घरी आलो तेव्हा सूनबाई दारातच होती. "कुठे गेला होतात?" "पाय मोकळे करायला." सहा वर्षांत तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो.

आता खरं लिहितो, कारण इथे कोणी बघत नाही. मी नुसता गप्प बसलो तर उद्या ती नाही म्हणून कळवेल. रोज चारला फाटक वाजेल. "जेवलात का" याच्यापुढे आम्ही आत्ता कुठे गेलो आहोत. मुलगा वर्षातून दोन महिने आमचा. मुलगी आम्हाला नाही. मला ती जायला नको आहे. गाडी होऊ नये असं मला वाटत होतं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पंप मी चार दिवस धुतला, एका दिवसात धुऊन झाला असता.

मला ती हवी आहे घरात. आणि तिने नऊ वर्षं वाट बघितली आहे.

२६ मार्च, बुधवार

सकाळी ती ऑफिसला निघताना बोलेन ठरवलं. नाही बोललो. दुपारी दोनदा फोन हातात घेतला. चार वाजता ती आली, चप्पल काढली आणि कंपनीला फोन करायला आत निघाली. मी म्हटलं, "थांब. शेडमध्ये ये."

तिला सांगितलं. लाल दिवा, निळी टेप, बॅटरीवाला, सगळं. बल्ब काढून तिच्या तळहातावर ठेवला. "कालच आणला," म्हटलं. "काल सांगायला हवं होतं. तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं."

तिला आश्चर्य वाटलं नाही. रागही आला नाही. डोळे मात्र भरले. तिने डॅशबोर्डखाली न बघताच हात घातला आणि बरोबर तीच जागा धरून तो जोड बाहेर ओढला. टेप सोडली, तारा सुट्या केल्या, बल्ब बसवला. मी टॉर्च धरून उभा होतो, पण तिला तो लागला नाही.

इंजिन सुरू केलं. किल्ली काढली. बंद.

शेड एवढी शांत झाली की ही बाहेर येऊन विचारायला लागली काय झालं म्हणून. सूनबाईने तिथेच उभं राहून कंपनीला फोन केला, "हो, ३१ला हजर होते."

२९ मार्च, शनिवार

गेली. सकाळी आठला. मागच्या सीटवर दोन पेट्या, गादी, हिने दिलेल्या बरण्या आणि माझ्या पान्यांचा जुना डबा. तो मी दिला. घ्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, डोंगरावर तुझ्या तारा कोण ऐकणार, नट आवळायलाच लागतात.

सामान भरताना एक गोष्ट मला टोचत होती. न बघता हात बरोबर त्या जोडावर कसा गेला? गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी जाऊन विचारलं, "तुला माहीत होतं का गं?"

"पंधरा तारखेपासून," ती म्हणाली. "असा पीळ तुम्हीच मारता, बाबा. डावीकडून."

"मग बोलली का नाहीस? चार दिवस पंप धुतला मी!"

"पंपाला हात लावू नका म्हटलं होतं. तुम्ही ऐकता कुठे?" मग तिने स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. "मला ठरवता येत नव्हतं. तुम्हा दोघांना टाकून चाललेय असं वाटत होतं. जा म्हणून तुम्ही तोंडाने कधी म्हणाला नसतात, नको म्हणूनही नाही. म्हटलं, ती तार तुमच्यावर सोडू. तुम्ही स्वतः सांगितलंत तर जायचं."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"राहिले असते. खरं सांगू? खुशीने राहिले असते."

तिने हात बाहेर काढून माझ्या खांद्यावर ठेवला. ऑइल लागलेल्या शर्टावर. मग पहिला गिअर टाकला. आत्याबाई आधी एकदा रुसल्या, मग चालायला लागल्या. कोपऱ्यापर्यंत आवाज येत होता.

ही आणि मी दुपारी जेवायला बसलो.  मग मी हिला सगळं सांगितलं, की मी नुसता गप्प राहिलो असतो तर पोर आज इथे असती. एवढंच करायचं होतं, काहीच न करणं. ते मला जमलं नाही.

हिने माझ्या ताटात वाढलं आणि विचारलं, "पुन्हा अशी वेळ आली तर सांगाल?"

सांगेन, मी म्हटलं. पण या खेपेला दोन दिवस लावले, पुढच्या खेपेला चार लावेन.